बंडखोराचे विद्यार्थीपण

बंडखोरी म्हणजे अभ्यासाचा तिटकारा, हा सोयीस्कर समज फ्रेंच संगीतकार एरिक साती (१८६६-१९२५) याच्या चरित्रापुढे टिकत नाही. पॅरिसच्या सरकारी संगीतविद्यालयाने त्याला आळशी ठरविले. पुढे मोंमार्त्र भागातील ‘शा न्वार’ या कवी-चित्रकारांच्या मद्यगृहात तो पियानो वाजवू लागला. १८८८ मधील त्याच्या ‘जिम्नोपेदी’ रचनांनी संगीतातील भपका नाकारला. तरीही १९०५ मध्ये, वयाची ३९ वर्षे उलटल्यावर, तो पुन्हा विद्यार्थी झाला. अनेक स्वरावली एकत्र गुंफण्याचे शास्त्र शिकून १९०८ मध्ये त्याने पदविका मिळविली. १९१७ मध्ये कॉक्तो व पिकासो यांच्यासह त्याने सिद्ध केलेल्या ‘पराद’ नृत्यनाट्यात टंकलेखनयंत्राचा खडखडाट घुमला. दारिद्र्य मात्र अखेरपर्यंत सुटले नाही. अज्ञानालाच बंडखोरी म्हणविणाऱ्यांनी हे विद्यार्थीपण ध्यानात घ्यावे.