माणिकं लुटली गेली, सफर उरली : इब्न बतूता आणि सरनदीपचा डोंगर

उंद्री (जि. बुलढाणा) : इब्न बतूता हे नाव आपल्या घरातल्या मुलांना माहीत असतं ते मुहम्मद बिन तुघलकाच्या धड्यामुळे. दिल्लीतले एक काझी, एवढीच ओळख. पण हेच काझीसाहेब आपल्या मुलखातून गेले होते आणि पुढे एका घनदाट जंगलाच्या बेटावर डोंगर चढले होते, हे फारसं कुणी सांगत नाही.

१३०४ साली मोरोक्कोतल्या टँजियर शहरात त्यांचा जन्म झाला. १३२५ मध्ये, एकविसाव्या वर्षी, ते हजसाठी एकटेच निघाले आणि जवळजवळ चोवीस वर्षं मायदेशी परतले नाहीत. दिल्लीच्या सुलतानानं त्यांना वकील म्हणून चीनला धाडलं. ती वाट दौलताबाद आणि नंदुरबारवरून गेली. आज उंद्रीहून सकाळी निघालं तर दुपारी दौलताबाद गाठता येतं. तिथली द्राक्षं-डाळिंबं आणि किल्ल्याच्या कोठडीतले मांजराहून मोठे उंदीर त्यांनी नोंदवले. नंदुरबारच्या मराठी लोकांचं भात, भाजी आणि तिळाच्या तेलाचं जेवणही लक्षात ठेवलं.

पुढे कालिकतला वादळात नजराण्याचं जहाज फुटलं. सुलतानाकडे परत जायची सोय राहिली नाही. मग ते मालदीवला गेले, तिथेही काझी झाले. १३४४ मध्ये तिथून निघाले, तर वाऱ्यानं जहाज भलतीकडेच, श्रीलंकेला नेलं. अरब या बेटाला सरनदीप म्हणत.

तिथला राजा आर्य चक्रवर्ती हिंदू होता, पण त्याला फारसी समजे. इब्न बतूतांनी मागणं मागितलं ते एकच : हजरत आदम (अलै.) यांच्या पावलाचा ठसा असलेला डोंगर बघायचा. राजानं पालखी दिली, सोबत योगी, ब्राह्मण आणि शिधा वाहणारी माणसं दिली.

वाट जंगलातून होती. हत्तींचे कळप, दाढीवाली काळी माकडं आणि गवतातून अंगावर उडी घेणाऱ्या जळवा. तिथले लोक लिंबू जवळ बाळगत. रस पिळला की जळू गळून पडे. वर चढायला खडकात साखळ्या ठोकलेल्या होत्या. शेवटच्या साखळीला कलम्याचं नाव होतं, कारण तिथून खाली पाहिलं की माणूस भीतीनं कलमा पढू लागे! माथ्यावरून ढग पायाखाली दिसत.

हा डोंगर २,२४३ मीटर उंच आहे. तो ठसा बौद्ध लोक बुद्धांचा मानतात, हिंदू शंकराचा. आजही सगळे तो डोंगर चढतात. त्या काळी इब्न बतूतांना मुसलमान म्हणून कुणी अडवलं नाही, उलट मान मिळाला, ही गोष्ट आपण आज विसरू नये.

राजानं दिलेली रत्नं पुढे मलबारच्या समुद्रात चाच्यांनी लुटली. अंगावर जेमतेम कपडे राहिले. तरी ते थांबले नाहीत; बंगाल, सुमात्रा करत चीनला पोचले.

१३४९ मध्ये ते मोरोक्कोला परतले. तिथल्या सुलतानाच्या हुकुमावरून त्यांनी आठवणी सांगितल्या, इब्न जुझय यांनी त्या लिहून घेतल्या. १३५५ मध्ये ‘रिहला’ पूर्ण झाला. १३६८ च्या सुमारास त्यांचा इंतकाल झाला.

माणिकं चाच्यांकडे गेली, पण पाहिलेलं-शिकलेलं कुणाला लुटता आलं नाही. आपल्या मुलांना इस्टेट किती ठेवायची याची काळजी आपण करतोच. थोडा सफर आणि थोडा इल्मही त्यांच्या पदरात टाकूया.