संत बहिणाबाई शिऊरकर : एका मुलीची वाट

॥ राम कृष्ण हरी ॥

आपल्या संप्रदायात स्त्री-संतांची परंपरा मोठी आहे. मुक्ताई, जनाबाई, सोयराबाई, निर्मळा, कान्होपात्रा ही नावं आपण रोजच्या भजनात घेतो. याच माळेतलं एक नाव संत बहिणाबाई शिऊरकर. शाळेच्या पुस्तकात ज्या बहिणाबाई चौधरींच्या कविता आहेत त्या खानदेशच्या आणि अलीकडच्या काळातल्या. आपल्या या बहिणाबाई तुकोबारायांच्या शिष्या, साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या.

बहिणाबाईंचं एक वेगळेपण आहे. त्यांनी स्वतःचं चरित्र स्वतः अभंगात सांगून ठेवलं. जन्म, लग्न, माहेरची परवड, नवऱ्याचा राग, गुरूची कृपा, सगळं. त्या काळी एका मुलीच्या मनात काय चाललं होतं हे तिच्याच तोंडून कळावं, असा हा दुर्मीळ ठेवा आहे.

त्यांचा जन्म इ.स. १६२८ चा. गाव देवगाव रंगारी, वेरूळच्या परिसरातलं. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. लेक तीन वर्षांची झाली आणि तिचं लग्न लावून दिलं. नवरा शिऊरचे गंगाधरपंत पाठक. वय तीस, पहिली बायको वारलेली. मंडळी, तीन वर्षांच्या पोरीला लग्न म्हणजे काय कळणार? पण त्या काळी लेकीच्या बापाला हे वावगं वाटत नव्हतं, उलट कर्तव्य पार पाडल्याचं समाधान मिळत होतं. मुलगी लहान, म्हणून ती आईबापाजवळच राहिली.

पुढं घरावर संकट आलं. भाऊबंदकीचा तंटा विकोपाला गेला आणि आऊजींना बायकापोरं घेऊन रात्रीचं गाव सोडावं लागलं. जावईही बरोबर निघाले. बहिणाबाई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. भिक्षा मागत, मुक्काम करत हे कुटुंब गोदाकाठानं निघालं. वाटेत शिखर शिंगणापूरचा महादेव झाला, पंढरपूर झालं. पंढरीत पांडुरंगाचं रूप त्या पोरीनं डोळे भरून पाहिलं. आपण वारीला जातो ते नेमानं, तिथी धरून. तिचं पंढरपूर असं अंगावरच्या कपड्यानिशी, घर सुटलेलं असताना घडलं. तिथून रहिमतपूर आणि मग कोल्हापूर. कोल्हापुरात एका वेदपाठी ब्राह्मणाच्या घरी आसरा मिळाला. तेव्हा त्यांना अकरावं वर्ष होतं.

लहानपणापासूनच या मुलीचा जीव कथा-कीर्तनात रमायचा. कोल्हापुरात पुराण आणि हरिकथा रोज कानी पडू लागली. तुकोबांचे अभंग तेव्हा देहूपासून दूरदूरच्या गावांत पोचले होते. ते तिनं ऐकून ऐकून मनात साठवले. ज्यांचे हे शब्द आहेत त्यांचे पाय आपल्याला दिसावेत, एवढा एकच ध्यास तिला लागला.

इथं ती वासराची कथा येते. कीर्तनकारांच्या तोंडून आपण ती पुष्कळ वेळा ऐकली आहे. गंगाधरपंतांना एक कपिला गाय दान मिळाली, बरोबर वासरू. त्या वासराला बहिणाबाईंचा इतका लळा लागला, की त्या जातील तिथं ते मागं मागं जायचं. त्या पाण्याला गेल्या की पाण्याला, कीर्तनाला गेल्या की कीर्तनाला. जयरामस्वामी वडगावकरांच्या कीर्तनात गर्दी झाली तेव्हा लोकांनी वासराला बाहेर हाकललं. स्वामींनी ते आत आणवलं आणि वासराला नि या मुलीला प्रेमानं कुरवाळलं. एका थोर पुरुषानं दिलेला हा मान होता, पण गावात कुजबुज सुरू झाली. ती नवऱ्याच्या कानावर गेली. नवरा वेद शिकलेला, पण अतिशय तापट. त्यांनी बायकोची वेणी धरून तिला मारमार मारलं.

मंडळी, वासराची कथा सांगताना आपण या जागी फार थांबत नाही. गाय आणि वासरू यांनी चारा-पाणी सोडलं, वासरानं प्राण सोडला, हे सांगताना आपले डोळे पाणावतात. ते खरंच आहे. पण त्याच वेळी घरात एक अकरा वर्षांची मुलगी मार खाऊन पडली होती. तिचा गुन्हा काय, तर कीर्तनाला गेली. वासरू गेल्यावर ती शुद्ध हरपून काही दिवस तशीच होती. बहिणाबाईंनी स्वतः हे लपवलं नाही, मग आपण तरी का लपवावं?

त्याच अवस्थेत तिला तुकोबारायांचं दर्शन झालं. कार्तिक वद्य पंचमी, रविवार, हा दिवस त्यांनी अभंगात नोंदवून ठेवला आहे. स्वप्नात तुकोबांनी मस्तकी हात ठेवला आणि मंत्र दिला. ही बातमी पसरली तसे लोक तिला पाहायला येऊ लागले. गंगाधरपंतांना ते आणखी खुपलं. ब्राह्मणाच्या बायकोनं शूद्राला गुरू करावं, आणि लोकांनी नवऱ्याला सोडून तिच्या पाया पडावं! घर सोडून निघून जातो असं ते म्हणू लागले.

बहिणाबाई या पेचात काय करतात ते पाहण्यासारखं आहे. नवऱ्याची सेवा हा आपला धर्म, तो सोडायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. आणि हरिनामही सोडलं नाही. बाईच्या जन्माला वेदाचा अधिकार नाही, ती दुसऱ्याच्या हाती बांधलेली, याची खंत त्यांनी अभंगात मोकळेपणानं मांडली. पण जिथं वेदाचं दार बंद होतं तिथं नामाचं दार उघडं होतं. त्या दारातून त्या आत गेल्या.

पुढं गंगाधरपंत आजारी पडले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना आपली चूक उमगली. मग तेच कुटुंबाला घेऊन देहूला आले. तिथं तुकोबांचं प्रत्यक्ष दर्शन झालं. मंबाजींनी याच कारणावरून छळ मांडला, तोही सोसला. आता मात्र नवरा विरोधात नव्हता, बरोबर होता. देहूतच त्यांना कन्या झाली, तिचं नाव काशी. पुढं मुलगा झाला, विठोबा.

नंतरचं आयुष्य शिऊरला गेलं. ज्यांना वेद ऐकण्याचीही मनाई होती, त्यांनी वज्रसूची या संस्कृत ग्रंथाचा अर्थ मराठी अभंगात आणला आणि जन्मानं कुणी ब्राह्मण होत नाही, हे सांगितलं. वारकरी पंथाच्या इमारतीचा तो प्रसिद्ध अभंग त्यांच्याच नावावर आहे. शेवटी मुलाला जवळ बसवून त्यांनी आपल्या मागच्या बारा जन्मांची हकीगत सांगितली आणि शके १६२२, म्हणजे इ.स. १७०० साली, आश्विन शुद्ध प्रतिपदेला देह ठेवला. वैजापूर तालुक्यात शिऊरला त्यांची समाधी आहे. त्यांची गाथा १९१३ साली छापून निघाली.

दिंडीच्या शताब्दीच्या या अंकात हे चरित्र सांगण्याचं कारण आहे. आपल्या दिंडीत डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या आयाबहिणींमुळं दिंडीला शोभा आहे. त्यांतल्या किती जणींना वारीला येण्यासाठी घरी विनवण्या कराव्या लागल्या असतील, ते त्याच जाणोत. आता कायद्यानं १८ वर्षांआधी मुलीचं लग्न लावता येत नाही, तरी गुपचूप लग्नं लागतातच. अशा लग्नाच्या पंगतीला माळकरी माणूस बसला, तर बहिणाबाईंची कथा त्यानं नुसती ऐकली असं होईल.

म्हणून पुढच्या कीर्तनात वासराची कथा सांगाल तेव्हा त्या मुलीचीही सांगा. घरात एखादी पोर हरिपाठाला बसू म्हणाली, टाळ हातात घेऊ म्हणाली, मृदंग शिकू म्हणाली, पुढं शिकायचंय म्हणाली, तर तिला आडवू नका. गंगाधरपंतांना हे उमगायला आजारपण यावं लागलं. आपल्याला तर बहिणाबाईंनी आधीच सांगून ठेवलं आहे.

॥ पुंडलिक वरदे हरी विठ्ठल ॥