‘उरलेल्यां’च्या संघातील विजय हजारे

विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील शिक्षक. पुढे बडोदे ही त्यांची कर्मभूमी ठरली. आमच्या श्रीरामपूरचा झहीर खानही नंतर बडोद्याकडूनच रणजी खेळला, हे नगरच्या वाचकांना ठाऊक आहेच.

त्या काळी मुंबईची पंचरंगी क्रिकेट स्पर्धा धर्मावर आधारलेली होती. हिंदू, मुस्लिम, पारशी व युरोपियन यांचे स्वतंत्र संघ. आणि भारतीय ख्रिस्ती, ज्यू आदींचा मिळून एक, त्याचे नाव ‘द रेस्ट’, म्हणजे उरलेले. हे नाव आम्हास आजही बोचते. १९४३ साली हिंदू संघाविरुद्ध या उरलेल्यांचा दुसरा डाव ३८७ धावांत आटोपला. त्यांपैकी ३०९ एकट्या हजारे यांच्या! बंधू विवेक यांच्यासह त्यांनी ३०० धावांची भागीदारी केली. तीत विवेक यांच्या धावा अवघ्या २१, परंतु ते खंबीरपणे उभे राहिले. सामना मात्र डावाने गेला.

जानेवारी १९४८ मध्ये अ‍ॅडलेड येथे ब्रॅडमन यांच्या संघाविरुद्ध हजारे यांनी ११६ व १४५ धावा केल्या. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक झळकविणारे ते पहिले भारतीय. तेथेही पराभवच पदरी पडला.

अखेर फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे इंग्लंडला नमवून भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हा कर्णधार हजारे होते. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोदे येथे त्यांचे निधन झाले. देशांतर्गत एकदिवसीय क्रिकेटचा करंडक त्यांच्या नावाने दिला जातो.