डोक्यामागची कमान

ऊसगाळपाचा हंगाम सुरू झाला, की परंड्याहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रॅक्टरांची रीघ लागते. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर शीग लावून रचलेला ऊस आणि पुढे उघड्या आसनावर बसलेला चालक. यातील एखाद्याच ट्रॅक्टरवर चालकाच्या पाठीमागे घोड्याच्या नालेसारखी वळवलेली पोलादी कमान दिसते. बांधावरून वा ओढ्याच्या उतारावरून ट्रॅक्टर उलटलाच, तर त्याचे वजन माणसाच्या छातीवर न येता या कमानीवर यावे, एवढाच तिचा हेतू. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांना ती सक्तीची केली. शर्यतीच्या मोटारींमध्ये याच कमानीला ‘रोल बार’ म्हणतात. त्या जगात तिची किंमत किती, हे केन माइल्स या इंग्रज शर्यतपटूच्या आयुष्यातून कळते. आणि त्याहून अधिक, त्याच्या मृत्यूतून.

केनेथ हेन्री जार्विस माइल्स याचा जन्म १ नोव्हेंबर १९१८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड येथे झाला. शाळेत त्याचे मन रमले नाही. वुल्झली या मोटार कंपनीत तो उमेदवार कामगार म्हणून लागला आणि यंत्राची भाषा हातानेच शिकला. दुसऱ्या महायुद्धात तो रणगाडा दलात सार्जंट होता; १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या फौजांत तोही होता. युद्ध संपल्यावर जुन्या बुगाटी, अल्फा रोमिओ असल्या मोटारी घेऊन तो शर्यतींत उतरू लागला. १९५२ साली पत्नी आणि लहानग्या मुलासह तो कॅलिफोर्नियात गेला. तेथे एमजी मोटारींच्या वितरकाकडे सेवा विभागाचा व्यवस्थापक, अशी त्याची नोकरी होती.

नोकरी हे निमित्त. एमजीचेच भाग वापरून त्याने स्वतः एक ठेंगणी, टपाविना मोटार बांधली आणि १९५३ च्या मोसमात तिच्यावर ओळीने चौदा शर्यती जिंकल्या. त्या काळच्या अशा मोटारींत चालकाचे डोके हाच सर्वांत उंच भाग असे. पट्टा बांधण्याची रीत नव्हती. मोटार उलटली, तर तिच्याखाली अडकण्यापेक्षा बाहेर फेकले गेलेले बरे, असा अनेक शर्यतपटूंचा पक्का समज होता. आज हा समज वेडगळ वाटतो. पण कमानही नाही आणि पट्टाही नाही, अशा मोटारीत बसणाऱ्यापुढे दुसरा पर्याय तरी कोणता होता? १९५५ च्या ल माँ शर्यतीत माइल्स एमजीच्या संघातून धावला आणि बारावा आला. त्याच शर्यतीत एक मर्सिडीज प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मोटारशर्यतीच्या इतिहासातील तो सर्वांत काळा दिवस. तरीही विचार सावकाशच पालटला. फॉर्म्युला वनमध्ये चालकाच्या डोक्यामागची कमान सक्तीची झाली, ती १९६१ पासून.

कॅलिफोर्नियात माइल्सने पुढे स्वतःची कार्यशाळा काढली. ती चालली नाही. हातात कसब असून गल्ल्याचा हिशेब न जमणाऱ्या कारागिरांची जात जगभर सारखीच. त्याच सुमारास कॅरोल शेल्बी या टेक्सासच्या माजी शर्यतपटूने एसी कंपनीची इंग्रज बांधणीची हलकी, उघडी मोटार घेऊन तीत फोर्डचे व्ही-८ इंजिन बसवले होते. तीच कोब्रा. माइल्स शेल्बीकडे आला तो शर्यतपटू म्हणून आणि त्याहून अधिक, मोटारीची परीक्षा घेणारा म्हणून. वळणावर मोटार कुठे सुटते, ब्रेक किती फेऱ्यांनी तापून ढिले पडतात, हे तो चाकाशी बसल्या बसल्या ओळखे आणि उतरल्यावर सुधारणाही सांगे. जीभ तिखट होती. वरिष्ठांची मर्जी राखणे त्याच्या स्वभावात नव्हते.

शर्यतीच्या कोब्रात चालकाच्या मागे एक कमान असे. वरवर पाहता ती वाकवलेली नळी. पण ती बसवणे हे सुताराने खुंटी ठोकावी तसे काम नव्हे. कमानीचा माथा शिरस्त्राणाहून उंच हवा. कमानीच्या माथ्यावरून पुढच्या काचेच्या वरच्या कडेपर्यंत काठी ठेवली, तर चालकाचे डोके त्या काठीखाली राहिले पाहिजे. पाय पातळ पत्र्यावर टेकवून चालत नाही. मोटार आपटली की ते पत्रा फोडून खाली उतरतात. ते सांगाड्यालाच पकडायला हवेत, आणि ज्या मोटारीत तशी सोय नसेल तेथे भार पसरवणारी जाड पोलादी पट्टी खालून-वरून द्यावी लागते. कमान मागे कोलमडू नये म्हणून तिरके टेकू लागतात. आणि मुख्य म्हणजे पट्टा हवा. पट्ट्याविना कमान म्हणजे डोके आपटण्यासाठी केलेली सोय. परंड्याच्या ट्रॅक्टरलाही हाच नियम लागू आहे.

आज जुन्या उघड्या मोटारी जतन करणाऱ्यांपुढे येथेच पेच उभा राहतो. पन्नास-साठ वर्षांच्या मोटारीच्या सांगाड्यात नवी भोके पाडली की तिचे मूळपण गेले, बाजारातील मोलही उतरले. शिवाय कमान बसवल्यावर कापडी टप नीट मिटत नाही. केवळ संचलनापुरती बाहेर निघणारी मोटार असेल, तर हा युक्तिवाद समजू शकतो. पण जो ती वेगाने पळवणार आहे, त्याने मूळपणाचा बाऊ करावा हे प्रस्तुत लेखकाला पटत नाही. ज्यांच्यामुळे या मोटारी अभिजात ठरल्या, त्यांनी शर्यतीत उतरताना त्यांना कमानी बसवल्याच होत्या.

१९६६ हे वर्ष माइल्सचे होते. फेरारीला नमवण्याच्या ईर्षेने फोर्डने शेल्बीच्या संघामागे आपली ताकद उभी केली होती. फेब्रुवारीत डेटोनाची चोवीस तासांची शर्यत माइल्सने लॉइड रूबीच्या साथीने जिंकली. मार्चमध्ये सेब्रिंगची बारा तासांची शर्यतही याच जोडीने जिंकली, आणि तीही फोर्डच्या टपाविना मोटारीवर. आघाडीवरच्या डॅन गर्नीचे इंजिन शेवटच्या फेरीत बंद पडले होते. जूनमध्ये ल माँ येथे डेनी हल्मसह तो आघाडीवर असताना, तिन्ही फोर्ड मोटारींनी एकत्र सीमारेषा ओलांडावी, असा आदेश आला. माइल्सने वेग कमी केला. ब्रूस मॅक्लारेन आणि ख्रिस एमन यांची मोटार प्रारंभी काही मीटर मागून निघाली होती. म्हणून तिने अधिक अंतर कापले, असे ठरवून विजय त्यांना देण्यात आला. एकाच वर्षी डेटोना, सेब्रिंग आणि ल माँ जिंकण्याचा मान असा हातचा गेला.

दोन महिन्यांनी, १७ ऑगस्ट १९६६ रोजी, माइल्स कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड धावपट्टीवर फोर्डच्या नव्या ‘जे-कार’ची चाचणी घेत होता. ही मोटार बंद टपाची होती. वजन घटवण्यासाठी तिचा सांगाडा मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पोकळ घरांच्या ॲल्युमिनियमचा, चिकटवून केलेला होता. त्या सांगाड्याच्या बळावरच सारी भिस्त होती. आत पोलादी नळ्यांचा पिंजरा नव्हता. लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी, वेग कमाल असताना, मोटार अकस्मात सुटली, उलटली, पेटली आणि तिचे तुकडे झाले. माइल्स बाहेर फेकला गेला आणि जागीच गतप्राण झाला. वय ४७. त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा त्या दिवशी तेथे होता. अपघाताचे निश्चित कारण कधीच सिद्ध झाले नाही. मागच्या भागाच्या आकारामुळे मोटार जमिनीवरून उचलली गेली असावी, हा संशय मात्र राहिला.

त्यानंतर फोर्डने आराखडा बदलला. शरीराचा आकार नव्याने घडवला आणि आत पोलादी नळ्यांचा भक्कम पिंजरा बसवला. हलक्या सांगाड्याने वाचवलेले वजन त्या पिंजऱ्याने परत खाल्ले. पण या वेळी कोणी कुरकुर केली नाही. हीच मोटार ‘मार्क फोर’ म्हणून १९६७ च्या ल माँ शर्यतीत उतरली, आणि गर्नी व फॉयट यांनी ती जिंकून दिली.

त्याच शर्यतीत, मध्यरात्रीनंतर, दुसऱ्या एका मार्क फोरचे पुढचे ब्रेक ऐन वळणाआधी जखडले. ती कडेच्या भिंतींवर आदळत, भोवंडत रस्त्याच्या मध्यावर येऊन थांबली. आत मारिओ आंद्रेत्ती होता. त्याच्या बरगड्यांना इजा झाली. पिंजऱ्यामुळे तो वाचला, असे मानले जाते. १९७८ साली तो फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला.