आव्हान नाकारणारा डॉक्टर

मी सैनिकी शाळेत शिकतो, म्हणून रुडॉल्फ फिर्शो यांचे चरित्र मला जवळचे वाटते. १८३९ मध्ये ते बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय संस्थेत शिष्यवृत्तीवर दाखल झाले. १८४८ मध्ये अप्पर सायलीशियातील टायफसची साथ पाहून त्यांनी ओळखले, की रोगाचे मूळ दारिद्र्यात आहे. नुसते औषध पुरणार नाही. म्हणून ते राजकारणात उतरले. १८५९ पासून बर्लिनच्या नगरसभेत बसून त्यांनी शहरासाठी भुयारी गटारांचा आग्रह धरला. पुढे ते प्रशियाच्या विधानसभेत गेले. १८६५ मध्ये तिथल्या वादातून पंतप्रधान बिस्मार्क यांनी त्यांना द्वंद्वाचे आव्हान दिले. फिर्शो यांनी ते नाकारले, पण सरकारला विरोध करणे सोडले नाही. १८७० चे युद्ध पेटताच मात्र जखमी जवानांसाठी रुग्णगाडी उभारायला ते पुढे आले. पिस्तूल न उचलायलाही धैर्य लागते, हे मी त्यांच्याकडून शिकलो.