पोथ्यांची देवघेव आणि विष्णू सीताराम सुकथनकर

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रधान संपादक म्हणून विष्णू सीताराम सुकथनकर (१८८७–१९४३) यांचे नाव भारतीय विद्येच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. त्यांच्या पाठनिर्णयांची आणि त्यांमागील तत्त्वांची चर्चा विपुल झाली आहे. मात्र हे पाठनिर्णय ज्या सामग्रीवर आधारलेले आहेत, ती सामग्री एका ठिकाणची नव्हती. ती निरनिराळ्या पोथीशाळांची, मठांची आणि खासगी घराण्यांची होती. या संग्रहांनी परस्परांवर टाकलेला विश्वास हा सुकथनकरांच्या जीवनकार्याचा पाया होय. त्या दृष्टीने त्यांच्या चरित्राकडे पाहिले असता त्यांच्या कार्याचे एक निराळेच अंग ध्यानात येते.

सुकथनकरांचा जन्म ४ मे १८८७ रोजी मुंबईत झाला. केंब्रिज येथे त्यांनी गणिताचा अभ्यास केला आणि त्यानंतर ते बर्लिनला हाइन्रिख ल्यूडर्स यांच्याकडे संस्कृतच्या अध्ययनासाठी गेले. शाकटायनाच्या व्याकरणावरील प्रबंध ही त्या अध्ययनाची निष्पत्ती. ल्यूडर्स यांनी महाभारताच्या ग्रंथलिपीतील पाठपरंपरेवर १९०१ मध्येच निबंध प्रसिद्ध केला होता. त्यामुळे लिपीभेदानुसार पोथ्यांची कुळे लावण्याची पद्धत सुकथनकरांना गुरूकडूनच लाभली, असे मानावयास जागा आहे. स्वदेशी परतल्यावर पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागात त्यांनी ताम्रपट व शिलालेख यांचे संपादन केले. भासाच्या नावावर प्रसिद्ध झालेल्या नाटकांविषयीच्या त्यांच्या लेखमालेने त्यांचा लौकिक परदेशातही पसरला. गणिताची शिस्त, जर्मन पाठचिकित्सेचे संस्कार आणि कोरीव लेखांच्या वाचनातून आलेली अक्षरनिष्ठा, असा त्रिविध अनुभव पाठीशी घेऊन ते ऑगस्ट १९२५ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत प्रधान संपादक म्हणून दाखल झाले.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची कल्पना त्यापूर्वीची होती. १८९७ च्या पॅरिस येथील प्राच्यविद्या परिषदेत मोरिझ विंटरनित्स यांनी तिचा आग्रह धरला होता. युरोपातील विद्वत्संस्थांनी ते काम हाती घेतले आणि १९०८ मध्ये ल्यूडर्स यांनी त्याचा छापील नमुनाही सिद्ध केला. पहिल्या महायुद्धात ती योजना मागे पडली. पुढे औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले आणि १ एप्रिल १९१९ रोजी पुण्यात या कार्याचा आरंभ झाला. मुंबई सरकारने १८६६ पासून ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर प्रभृतींकरवी जमविलेला हस्तलिखितसंग्रह डेक्कन कॉलेजातून याच संस्थेकडे आला. ब्यूलर यांच्या काश्मीरयात्रेच्या काळातील, म्हणजे १८७५–७६ च्या संग्रहातील, शारदा लिपीतील भूर्जपत्रांची आदिपर्वाची त्रुटित पोथी त्यातच होती.

परंतु एवढ्याने भागणारे नव्हते. अनेक प्रांतांतील पोथ्या जमवून पाठ ठरविण्याचा प्रयत्न सतराव्या शतकातच नीलकंठ चतुर्धर यांनी केला होता. मूळचे कोपरगावचे हे घराणे. नीलकंठांनी काशीस राहून आपली टीका लिहिली. मात्र जमविलेल्या पोथ्यांतून त्यांना जे उत्तम वाटले ते त्यांनी एकत्र केले. कोणता पाठ कोणत्या प्रदेशातून आला, याचा माग त्यात उरला नाही. सुकथनकरांपुढील प्रश्न नेमका याच्या उलट होता. प्रत्येक पाठाचे स्थान कायम ठेवूनच त्यांना संहिता सिद्ध करावयाची होती.

आदिपर्वाच्या सुमारे २३५ पोथ्यांची नोंद त्यांनी घेतली. त्यांपैकी १०७ देवनागरी, ३२ बंगाली, ३१ ग्रंथ, २८ तेलुगू आणि २६ मलयाळम लिपीतील होत्या. शारदा लिपीतील पोथ्या अवघ्या तीन. यांतील सुमारे ७० पोथ्या पूर्णतः अथवा अंशतः तपासल्या गेल्या आणि ६० पोथ्यांचा प्रत्यक्ष उपयोग करण्यात आला. या पोथ्या लंडनच्या इंडिया ऑफिसपासून ढाका विद्यापीठापर्यंत, आणि बडोद्यापासून मेलकोटेच्या मठापर्यंत व कोचीन संस्थानापर्यंत विखुरलेल्या होत्या.

छापील ग्रंथाची देवघेव आणि पोथीची देवघेव यांत मूलभूत अंतर आहे. छापील ग्रंथ गहाळ झाला तर दुसरी प्रत मिळविता येते. पोथी गेली म्हणजे एक साक्षीदार कायमचा नाहीसा होतो. म्हणूनच अशा व्यवहारात हमीपत्र, ठरावीक मुदत आणि पानांची मोजदाद यांना महत्त्व असते. मठ आणि खासगी घराणी यांच्या बाबतीत तर पोथी ही पूजेची वस्तू असे. ती दूरच्या संस्थेच्या हाती सोपविणे हा केवळ नियमांचा नव्हे, तर श्रद्धेचाही प्रश्न होता.

यावर दोन उपाय योजण्यात आले. ज्या पोथ्या उसन्या मिळू शकत होत्या, त्या पुण्यास आणवून त्यांचे पाठ टिपून घेण्यात आले. ज्या पोथ्यांना प्रवास घडविण्यापेक्षा त्यांच्या परिसरातच वाचणे श्रेयस्कर होते, त्यांच्यासाठी दुय्यम केंद्रे उभारण्यात आली. एक शांतिनिकेतनात, विश्वभारतीमध्ये विधुशेखर भट्टाचार्य यांच्या देखरेखीखाली चालले. दुसरे तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात. तेथील संग्रहाला मराठी राजांनी, विशेषतः सरफोजीराजांनी, वैभव प्राप्त करून दिले होते, हे येथे स्मरणीय आहे. बंगाली किंवा ग्रंथ लिपी सहजतेने वाचणारे शास्त्री त्या त्या प्रदेशात उपलब्ध होते, हाही लाभ होता. आखलेल्या मोठ्या कागदावर वरच्या ओळीत एका श्लोकाचा आधारभूत पाठ अक्षरशः लिहावयाचा आणि त्याखाली एकेका पोथीतील भेद नोंदवावयाचे, अशी पद्धत होती. अशा रीतीने जेथे पोथी येऊ शकत नव्हती, तेथून तिचा पाठ तरी पुण्यास येई.

या देवघेवीचे महत्त्व केवळ सोयीपुरते नव्हते. सुकथनकरांच्या पद्धतीत परस्परांशी संपर्क नसलेल्या शाखांच्या एकमतास सर्वाधिक प्रमाण्य होते. काश्मीरची शारदा परंपरा आणि केरळची मलयाळम परंपरा एखाद्या पाठावर एकत्र आल्या, तर तो पाठ दोहोंच्या पूर्वीचा असला पाहिजे. अर्थात हे एकमत दिसण्यासाठी दोन्ही टोकांच्या पोथ्यांचे पाठ एका मेजावर यावे लागतात. एकाच संग्रहालयात, मग ते कितीही समृद्ध असो, ही कसोटी लावता येत नाही. पाठभेदांच्या टिपांमधील लिपीनिदर्शक अक्षरे व अंक हे या अर्थी पोथी देणाऱ्या संग्रहांचेही स्मरण होत.

आदिपर्वाचा पहिला खंडांश १९२७ मध्ये आणि संपूर्ण पर्व विस्तृत प्रस्तावनेसह १९३३ मध्ये प्रकाशित झाले. त्यानंतर नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांच्याकडून आदिपर्वाची एक प्राचीन पोथी ज्ञात झाली. छापील संहितेची अशी परीक्षा कोणत्याही संपादकाला धास्तावणारी. सुकथनकरांनी त्या पोथीवर स्वतंत्र निबंध लिहून तिचे साक्ष्य तपासले. प्रक्षिप्त म्हणून गाळलेले अनेक अंश तीतही नव्हते, आणि त्यांच्या संहितेला त्या पोथीने मोठ्या प्रमाणात पुष्टी दिली.

तरीही आपण व्यासांची मूळ संहिता सिद्ध केली, असा दावा त्यांनी केला नाही. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जेवढे मागे जाता येते, तेवढेच प्राचीन रूप आपण दिले आहे, अशी त्यांची भूमिका होती. या भूमिकेतच ग्रंथालयव्यवहाराचे गांभीर्य सामावलेले आहे. जी पोथी बंद पेटीत राहिली, तिचे साक्ष्य संहितेत येत नाही. संग्राहकाच्या नकाराची सीमा ती संपादकाच्या ज्ञानाचीही सीमा ठरते.

आरण्यकपर्व १९४२ मध्ये पूर्ण झाले. मुंबई विद्यापीठातील महाभारताच्या अर्थविषयक व्याख्यानमालेतील अखेरचे व्याख्यान व्हावयाचे असतानाच, २१ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. ती व्याख्याने १९५७ मध्ये ग्रंथरूपाने आली. त्यांच्या हयातीतच रघुवीर यांचे विराटपर्व आणि सुशीलकुमार दे यांचे उद्योगपर्व प्रसिद्ध झाले होते. अमेरिकेतील फ्रँकलिन एजर्टन यांचे सभापर्व १९४४ मध्ये आले. पुढे श्री. कृ. बेलवलकर आणि प. ल. वैद्य यांनी प्रधान संपादकत्व सांभाळले. सुमारे १,२५९ हस्तलिखितांच्या साहाय्याने झालेली ही आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली आणि त्या वर्षी २२ सप्टेंबरला राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते तिचे प्रकाशन झाले.

आज पोथीची प्रतिमा क्षणात दूरदेशी पाठविता येते आणि मूळ पोथीला प्रवासाचा धोका पत्करावा लागत नाही. मात्र साधने बदलली तरी तिजोरीची किल्ली संग्राहकाच्याच हाती आहे. सुकथनकरांच्या संहितेचे श्रेय त्यांच्या प्रज्ञेला आहेच. परंतु आपल्या एकमेव प्रतीची दारे अपरिचित अभ्यासकासाठी उघडणाऱ्या ग्रंथपालांचा, मठाधिपतींचा आणि घराण्यांचाही त्या श्रेयात न्याय्य वाटा आहे.