अण्णांचा संसार

महर्षी धोंडो केशव कर्वे समाजसुधारक म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. पण अण्णा मोठे संसारी गृहस्थही होते. पत्नी राधाबाई १८९१ साली निवर्तल्या. १८९३ साली त्यांनी विधवा गोदूबाईंशी विवाह केला. त्याच आपल्या आनंदीबाई, म्हणजे बाया. गावाने, मुरुडाने, बहिष्कार घातला. संसार मात्र वाढतच गेला. १८९६ साली त्यात विधवांचा आश्रम आला. तो हिंगण्यास गेल्यावर अण्णा पुण्याहून पायी शिकवावयास जात. घराचा भार बायांनी वाहिला. चारही मुलगे कर्तबगार निघाले. १९५० साली बाया गेल्या, १९६२ साली एकशेचार वर्षांचे अण्णा. अण्णांना वंदन करताना बायांचा वाटा आपण विसरू नये.